शोभेचा, तरीही खाण्याचा बर्फ

पन्हे, कोकम सरबत किंवा साधे लिंबू सरबत यांत टाकण्यासाठी घरच्या फ्रीझरमध्ये गोठवलेला, आरपार दिसणारा किंवा पाने, पाकळ्या, फळांचे तुकडे पोटात घेतलेला आणि विरघळल्यावर निर्धोकपणे पिता येणारा बर्फ म्हणजे खाद्य शोभिवंत बर्फ. मंगल कार्यालयांतील स्वागतसमारंभात लादी कोरून उभे केलेले हंस आणि कमानी यांच्याशी त्याचे नाते दूरचे आहे. ती शिल्पे पाहण्यापुरती असतात, तर हा बर्फ घटकाभरात पाहुण्याच्या पोटात जातो. या एका फरकामुळे त्याच्याविषयीचे बहुतेक सगळे नियम बदलतात, आणि नेमका हाच फरक छायाचित्रे पाहून असा बर्फ करायला घेणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

भीमेच्या काठी, पुणे-नाशिक रस्त्यावर वसलेले राजगुरुनगर, म्हणजे पूर्वीचे खेड, हे या विषयाचा विचार करायला सोयीचे गाव आहे. दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरांवर चाकणची औद्योगिक वसाहत, त्याच्या पुढे पिंपरी-चिंचवड, आणि शेजारच्या शिरूर तालुक्यात रांजणगाव, जिथे एलजी, हायर आणि व्हर्लपूल या तिन्ही कंपन्यांचे फ्रीजचे कारखाने आहेत. भारतात बनलेला पहिला फ्रीज गोदरेजने १९५८ मध्ये बाजारात आणला. तेव्हा मोजक्या शहरी घरांपुरती असलेली ही वस्तू आज या पट्ट्यातील कामगार वसाहतींतही नवलाची राहिलेली नाही. साधन हाताशी आहे, उन्हाळा कडक आहे, सरबते पिढ्यानपिढ्या ओळखीची आहेत. उणीव आहे ती बर्फ कसा धरतो याच्या समजुतीची. बाजारात मिळणारे सिलिकॉनचे महागडे साचे ती भरून काढू शकत नाहीत.

ही समजूत येण्यासाठी थोडे मागे जावे लागते. अमेरिकेतील बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने १८३३ मध्ये 'टस्कनी' नावाच्या जहाजातून सुमारे १८० टन बर्फ कोलकात्याला धाडला, आणि चार महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतर त्यातील जवळपास १०० टन शाबूत पोहोचला. मुंबईतही लवकरच हा बर्फ येऊ लागला आणि तो साठवण्यासाठी १८४०च्या दशकात गोदीजवळ घुमटाकार बर्फघर बांधले गेले; त्या जागी आज के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटची इमारत आहे. हा बर्फ कारखान्यात केलेला नव्हता. न्यू इंग्लंडमधील तळी हिवाळ्यात गोठली की त्यांचा पृष्ठभाग करवतींनी आणि घोड्यांनी ओढलेल्या नांगरांनी कापून त्याचे ठोकळे काढले जात. हेन्री डेव्हिड थोरो याने ज्या वॉल्डन तळ्याकाठी वास्तव्य केले, त्या तळ्यावरही बर्फकाप झाली होती, आणि आपल्या तळ्याचे पाणी मुंबई-मद्रासच्या लोकांच्या ओठी लागेल याचे कौतुक त्याने १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात नोंदवले आहे. या तळ्यांच्या बर्फाची ख्याती त्याच्या थंडपणाइतकीच त्याच्या नितळपणासाठी होती, आणि घरच्या ट्रेमधील बर्फ पांढुरका का होतो याचे उत्तर त्या नितळपणातच आहे.

पाण्याचे स्फटिक होतात तेव्हा रेणू ठरावीक षटकोनी रचनेत बसतात, आणि या रचनेत पाण्याखेरीज दुसऱ्या कशालाही जागा जवळजवळ नसते. पाण्यात विरघळलेली हवा, क्षार, साखर, रंग हे सर्व गोठणारा बर्फ आपल्यापुढे ढकलत जातो. तळ्यात थंडी केवळ वरून येते, कारण बाजूला आणि खाली जमीन असते. म्हणून बर्फ वरून खाली वाढत जातो आणि बाहेर ढकललेली हवा खालच्या न गोठलेल्या पाण्यात निघून जाते. फ्रीझरमधील ट्रेला मात्र थंडी चहूबाजूंनी घेरते. प्रथम बाहेरचे कवच गोठते, हवा आणि क्षार मधोमध कोंडले जातात, आणि शेवटी उरलेले पाणी गोठताना त्यांचे सूक्ष्म बुडबुडे आणि कण तिथेच अडकून बसतात. प्रत्येक घनाच्या पोटात दिसणारा पांढरा गोळा तो हाच. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, त्यामुळे आतला भाग शेवटी गोठताना बाहेरच्या कवचावर ताण येऊन बारीक तडेही जातात, आणि तो पांढुरकेपणा आणखी वाढतो.

पाणी उकळून घेतले की बर्फ आपोआप नितळ होतो, दोनदा उकळले तर अधिकच, असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. उकळल्याने विरघळलेली हवा निघून जाते हे खरे, परंतु पाणी थंड होताना ती पुन्हा शोषू लागते, आणि थंडी चारही बाजूंनी आली तर उरलीसुरली हवा आणि क्षार मधोमध जमायचे ते जमतातच. राजगुरुनगर परिसरात कूपनलिकेचे पाणी वापरणाऱ्या घरांत उकळण्याचा खरा लाभ निराळा आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरेच असतात, आणि त्यांतील बायकार्बोनेटच्या रूपातील भाग उकळताना पांढरा साका होऊन तळाशी बसतो. असे पाणी निवल्यावर अलगद वरून ओतून घेतले, तर बर्फ विरघळल्यानंतर पेल्याच्या बुडाशी पांढरी कणी दिसत नाही. जिथे आरओचे पाणी आहे तिथे हा प्रश्न उरत नाही.

खरा उपाय थंडीची दिशा आवरण्याचा आहे. अमेरिकी लेखक कॅम्पर इंग्लिश याने २००९ मध्ये घरगुती फ्रीझरमध्ये तळ्याची परिस्थिती उभी करण्याची सोपी रीत लोकांसमोर मांडली: बाजू आणि तळ उष्णतारोधक असलेला, पण वरून उघडा डबा पाण्याने भरून फ्रीझरमध्ये ठेवायचा, म्हणजे थंडी केवळ वरूनच शिरते. मराठी घरात यासाठी काही विकत आणावे लागत नाही. पोळ्या ठेवण्याचा कॅसरोल झाकण काढून वापरला की काम भागते. त्यात गाळलेले पाणी काठाच्या खाली दोन बोटे राहील इतके भरावे, आणि खालचा पाव हिस्सा अजून पाणीच असताना डबा बाहेर काढावा. याला फ्रीझरच्या ताकदीनुसार अठरा ते चोवीस तास, कधी त्याहून अधिक लागतात, म्हणून पहिल्या वेळी अधूनमधून पाहत राहणे इष्ट. पूर्ण गोठू दिले तर दोन तोटे होतात. खालचा थर पांढरा होतो, आणि फुगलेल्या बर्फाने कॅसरोलचे आतील भांडे उचकटते. वेळेवर काढलेला ठोकळा उपडा करून उरलेले पाणी टाकून द्यावे. सगळी अडगळ त्या पाण्यात गेलेली असते.

हा ठोकळा लगेच फोडू नये. उणे अठरा अंशांवरचा बर्फ बाहेरच्या हवेत किंवा सरबतात एकदम गेला की त्याचा पृष्ठभाग आतील भागाच्या आधी प्रसरण पावतो आणि त्याला तडे जातात. दहा-पंधरा मिनिटे ओट्यावर राहू दिल्यावर, पृष्ठभाग ओलसर आणि चकचकीत दिसू लागला की, दातेरी सुरीने खाच पाडून वर लाटण्याचा हलका ठोका दिला तरी तो बऱ्यापैकी सरळ रेषेत फुटतो. मोठा तुकडा पेल्यात अधिक काळ टिकतो, यामागे साधे गणित आहे. अडीच सेंटिमीटर बाजूच्या आठ घनांत जेवढा बर्फ मावतो, तेवढाच पाच सेंटिमीटर बाजूच्या एका घनात मावतो. पण आठ घनांचा पृष्ठभाग ३०० चौरस सेंटिमीटर भरतो, तर एकाचा १५०. सरबताला भिडणारा पृष्ठभाग निम्मा, म्हणून विरघळण्याचा वेगही बराच कमी, आणि सरबत पाणचट व्हायला तितकाच उशीर.

बर्फाच्या कारखान्यात हीच अडचण दुसऱ्या रीतीने सोडवली जाते. मिठाच्या अतिथंड पाण्यात बुडवलेल्या उंच डब्यांत लादी धरते, तेव्हा डब्याच्या मधोमध नळीने हवेचे मोठे बुडबुडे सोडून पाणी हलते ठेवतात, त्यामुळे सूक्ष्म बुडबुडे कडेला चिकटत नाहीत. शेवटी गाभ्यात उरलेले क्षारयुक्त पाणी शोषून काढून त्या जागी ताजे पाणी भरतात. कारखान्याची लादी घरच्या घनापेक्षा नितळ दिसते, याचे कारण ही ढवळाढवळ. तिचा नितळपणा म्हणजे तिची शुद्धता, असे मात्र समजू नये.

या ठिकाणी कायद्याचा एक नियम वाचकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. मासळी, भाजीपाला, औषधे थंड ठेवण्यासाठी केलेला औद्योगिक बर्फ रसवंतीत आणि गोळ्याच्या गाडीवर पोहोचतो, हे लक्षात आल्यावर खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळणे बंधनकारक करण्यात आले, आणि महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये त्याची अंमलबजावणी सुरू केली. त्यासाठी इंडिगो कारमाइन किंवा ब्रिलियंट ब्लू हे रंग दहा लाख भागांत दहा भागांपर्यंत वापरायचे असतात. पांढरा किंवा रंगहीन बर्फ खाण्याचा, निळसर बर्फ न खाण्याचा, अशी ही विभागणी आहे. विरोधाभास असा की समाजमाध्यमांवर घरगुती शोभिवंत बर्फाचा सर्वांत लोकप्रिय रंग नेमका निळाच आहे. तो गोकर्णाच्या फुलांपासून काढतात. घरात करून घरातच वापरलेल्या गोकर्णाच्या बर्फाला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही, पण जिथे अनोळखी माणसे पिणार आहेत अशा समारंभात, मुलांच्या मेळाव्यात किंवा विक्रीसाठी निळा बर्फ ठेवणे अविचाराचे ठरेल, कारण निळ्याला नाही म्हणण्याची जी सवय लोकांना लागायला हवी, तीच त्याने मोडते.

गोकर्ण मात्र खरोखर गुणी फूल आहे. त्याचा निळा रंग अँथोसायनिन या गटातील द्रव्यांचा असतो. ही द्रव्ये माध्यम आंबट की अल्कधर्मी यानुसार रंग बदलतात, त्यामुळे गोकर्णाचा घन लिंबू सरबतात विरघळू लागला की भोवतीचे सरबत जांभळट-गुलाबी होत जाते. कोकमाचा लाल रंगही याच गटातला. सर्वांत चोख लाल बर्फ कोकमाचाच होतो, परंतु त्यासाठी आगळ वापरू नये, कारण आगळात मीठ असते. मीठ किंवा साखर विरघळलेले पाणी शून्य अंशाच्या खाली गोठते. एक किलो पाण्यात ३४२ ग्रॅम साखर घातली तर गोठणबिंदू सुमारे १.९ अंशांनी उतरतो, आणि साखरेच्या जवळपास सहाव्या हिश्श्याइतके मीठ त्याहून अधिक काम करते. पूर्वी सायीच्या दुधाचे आइस्क्रीम करताना लाकडी पिंपातल्या बर्फावर खडे मीठ पसरत, ते याच कारणाने: बर्फ-मिठाचे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. शोभिवंत बर्फात मात्र हा गुण दोष ठरतो. खारट किंवा फार गोड पाण्याचा घन भुसभुशीत राहतो आणि साच्यातून निघताना मोडतो. बिनमिठाची कोकमे पाण्यात भिजवून, गाळून घेतलेले पाणी त्यासाठी योग्य.

केशराचा पिवळा रंग पाण्यात सहज उतरतो आणि पन्ह्याला शोभतो. हळदीचा पिवळा रंग पाण्यात विरघळत नसल्याने तळाशी बसतो आणि घनाची एकच बाजू पिवळी दिसते. बिटाचा रंग गडद येतो, पण त्याला मातकट वास असतो, म्हणून तो ताकाखेरीज इतरत्र फारसा जमत नाही. रंगीत घन करताना आधी सांगितलेली ढकलण्याची क्रिया विसरून चालत नाही. बर्फ हवेप्रमाणेच रंगही आत ढकलतो, त्यामुळे मोठा रंगीत ठोकळा बाहेरून फिका आणि मधोमध गडद होतो. नितळ बर्फाला मोठे भांडे आणि संथ, एकाच दिशेची थंडी हवी, तर रंगीत बर्फाला लहान कप्पे आणि चटकन होणारी गोठण. या दोन गोष्टी एकाच भांड्यात साधण्याचा हट्ट बहुतेक प्रयत्न फसवतो. गोळेवाला रंगाचे पाणी गोठवत नाही, किसलेल्या बर्फावर वरून रंगीत पाक ओततो, यात त्याचे व्यवहारज्ञान दिसते.

आता फुलांचा विचार, आणि तो सर्वांत काळजीपूर्वक करण्याचा आहे. जपानमध्ये बर्फाच्या मोठ्या ठोकळ्यात ताजी फुले गोठवून उन्हाळ्यात दुकानांत, दिवाणखान्यांत ठेवण्याची 'हानागोरी' नावाची चाल आहे. पण तो बर्फ कोणी खात नाही, म्हणून तिथे कोणतेही फूल चालते. पेल्यातल्या बर्फात तसे चालत नाही. कण्हेर आणि बिट्टी ही झाडे महामार्गाच्या दुभाजकांत आणि अंगणांत सर्रास दिसतात, त्यांची फुले देखणी असतात, आणि दोन्हींच्या सर्व भागांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी विषद्रव्ये असतात. धोतरा, कळलावी आणि रुई यांविषयी वेगळे सांगायला नको. सदाफुली मात्र निरुपद्रवी समजली जाते, पण तीही अल्कलॉइडयुक्त आहे आणि बर्फात घालू नये. चाफ्याचा चीक तोंडाला त्रास देतो. चालण्याजोगी फुले मोजकीच आहेत: गुलकंदाचा गावठी गुलाब, जास्वंदीच्या पाकळ्या, मोगरा, गोकर्ण, आणि झेंडूच्या अगदी थोड्या पाकळ्या. पाने घ्यायची तर पुदिना, तुळस आणि गवती चहा यांची.

यांतील प्रत्येकाला आणखी एक अट आहे, ती उगमाची. शेजारच्या मावळ तालुक्यात तळेगाव दाभाडे येथे हरितगृहांतील गुलाबाची मोठी शेती आहे आणि तिथली फुले परदेशी जातात. ही फुले फुलदाणीसाठी पिकवलेली असतात, त्यांच्यावर कीटकनाशके आणि बुरशीनाशके फवारलेली असतात, आणि अन्नाला लागू असणाऱ्या मर्यादा पाळून ती फवारलेली नसतात. फुलपुडीत येणारी फुले आणि हारातला झेंडू यांचीही हीच गत. धुतल्याने सगळी औषधे निघून जातात असे नाही. घरच्या कुंडीत, फवारणीशिवाय वाढलेले फूल तेवढे खाण्याच्या बर्फात जावे. त्याचा हिरवा देठ, परागकोश आणि मधला दांडा काढून टाकावेत, कारण ते कडू असतात आणि परागांची वावडी असणाऱ्याला त्रास होऊ शकतो.

पाकळी पाण्यावर तरंगते, त्यामुळे पाणी भरून वर फूल टाकले तर ते पृष्ठभागाशी चिकटून अर्धे उघडे राहते आणि करपल्यागत तपकिरी होते. म्हणून थर देऊन गोठवावे लागते. कप्प्याचा तिसरा हिस्सा पाण्याने भरून गोठवायचा, त्यावर फूल पालथे ठेवून चमचाभर पाण्याने जखडायचे, आणि मग फ्रीजमध्ये आधीच गार करून ठेवलेल्या पाण्याने कप्पा भरायचा; कोमट पाणी ओतले तर खालचा थर वितळतो आणि फूल सुटते. पाकळीतल्या पेशी गोठताना फुटतात, त्यामुळे बर्फातून मोकळे झालेले फूल लोळागोळा होते. शोभा असते ती बर्फ असेपर्यंतच.

फळांपैकी डाळिंबाचे दाणे, उभे चिरलेले जुन्नरकडचे काळे द्राक्ष आणि बिया काढलेली लिंबाची पातळ चकती यांचे घन चांगले होतात. चैत्र-वैशाखात खेड तालुक्याच्या पश्चिम भागातून, भीमाशंकरच्या बाजूने येणारी पिकली करवंदे गोठल्यावर विलक्षण गडद दिसतात. लहान मुलांच्या पेल्यात मात्र आख्खे फळ असलेला घन टाकू नये. बर्फ विरघळताच ते घशात अडकण्याचा धोका असतो.

आकारासाठी घरातील भांडी पुरेशी आहेत. बिनचिकट अप्पेपात्रात अर्धगोल, स्टीलच्या वाट्यांत चकत्या, केकच्या मध्ये भोक असलेल्या भांड्यात मोठे कडे होते. हे कडे सरबताच्या पातेल्यात तरंगत राहते आणि हळू विरघळते. काचेचे भांडे फुटते, म्हणून वर्ज्य. सर्वांत आकर्षक वस्तू म्हणजे बर्फाचा वाडगा. मोठ्या पातेल्यात दोन बोटे पाणी गोठवून त्यावर लहान पातेले बरोबर मधोमध ठेवतात, त्यात वजन टाकून चिकटपट्टीने पक्के करतात, आणि दोहोंमधल्या फटीत पुदिन्याची पाने, लिंबाच्या चकत्या सरकवून गार पाणी भरतात. गोठल्यावर आतल्या पातेल्यात नळाचे साधे पाणी ओतले की ते सुटते. गरम पाणी ओतले तर वाडगा तडकतो. त्यात चिरलेली फळे किंवा कलिंगडाचे गोळे वाढता येतात, खाली मात्र खोलगट ताट हवे.

गोठवल्याने जंतू मरतात ही समजूत सर्वांत घातक आहे. कावीळ, विषमज्वर, हगवण यांचे जंतू आणि विषाणू बर्फात निद्रिस्त राहतात आणि विरघळल्यावर पुन्हा सक्रिय होऊ शकतात. पिण्यास जे पाणी चालणार नाही, ते बर्फासही चालत नाही. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येते तेव्हा तर नाहीच. साचे, पाने, फळे, हात या सगळ्यांनाही हाच निकष लागू होतो.

तयार बर्फ उघडा ठेवला की लसूण, सुकट, मटण यांचे वास धरतो, आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये सतत फिरणाऱ्या कोरड्या हवेने थेट वाफ होऊन झिजतो, त्याच्या कडा बोथट होतात. झाकणाच्या डब्यात तो दोन-तीन आठवडे चांगला राहतो. एक लिटर पाणी तीस अंशांवरून उणे अठरापर्यंत नेताना सुमारे ११९ किलोकॅलरी उष्णता बाहेर काढावी लागते आणि त्यांतील ८० केवळ गोठण्यातच जातात. म्हणून एकाच वेळी सहा-सात ट्रे कोंबले तर फ्रीझर दमतो आणि आधीचा साठाही मऊ पडतो. मोठ्या समारंभासाठी चार-पाच दिवस आधीपासून थोडा थोडा बर्फ करून साठवावा.

राजगुरुनगर-चाकणच्या पट्ट्यात गुरुवार हा कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा, आणि बहुधा वीजवाहिन्यांच्या देखभाल-दुरुस्तीचाही वार असतो. वीज काही तास गेली की अर्धवट धरलेल्या घनांचे थर सरकतात, रंग मिसळतात, आणि पुन्हा गोठलेला बर्फ ढगाळ निघतो. त्यात फळे किंवा फुले असून ती पूर्ण वितळून कोमट झाली असतील तर तो ट्रे ओतून द्यावा. समारंभ रविवारी असेल तर नितळ ठोकळे बुधवारच्या आत काढून ठेवावेत आणि फुलांचे थर गुरुवारी संध्याकाळी वीज आल्यावरच सुरू करावेत.